कर्ता न सांगणारी वाक्ये

२०२५ सालच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून 'जीबीएस'च्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा इतर सर्वांप्रमाणे आम्हीही त्या धास्तीनेच वाचत होतो. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावे रोज पहिल्या पानावर येत होती. हातापायांतले बळ जाणे, गिळता न येणे, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागणे अशी वर्णने होती, आणि हळूहळू सगळ्यांची बोटे पाण्याकडे वळली होती. मग एके दिवशी बातमी आली की काही रुग्णांच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' नावाचा जिवाणू सापडला आहे. आम्ही त्या नावापाशी थबकलो. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला असले नाव ओळखीचे वाटण्याचे काही कारण नाही. पण ते ओळखीचे होते, आणि ते कुठे वाचले होते हे आठवल्यावर आम्ही कपाटातून एक जाडजूड छापील बाड काढले. तो दिवस मग त्यातच गेला.

ते बाड म्हणजे एक चौकशी अहवाल आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकरटन नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती तेव्हा साधारण ४,८००, आणि भोवती शेती व गुरे. मे २००० मध्ये या गावच्या नळाच्या पाण्यातून ई. कोलाय या जिवाणूचा एक घातक प्रकार आणि हा कॅम्पिलोबॅक्टर असे दोघेही घरोघर पोचले. ७ माणसे मेली. २,३०० हून अधिक आजारी पडली, म्हणजे गावाच्या जवळजवळ निम्म्या वस्तीइतकी. काही मुलांच्या मूत्रपिंडांना झालेली इजा पुढेही त्यांची सोबत करत राहिली. प्रांत सरकारने न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांचा आयोग नेमला. अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी मे महिन्यात. पुढे प्रांतभर काय करावे हे दुसऱ्या भागात आहे. आमच्याकडे आहे तो पहिला, झाले काय आणि का झाले हे सांगणारा.

तो आम्हाला पाठवला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. पदवीला त्याने मराठीचा एक पेपर आमच्याकडे केला होता, पुढे तो पाणीपुरवठ्याच्या कामात गेला. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते : "सर, तुम्ही वर्गात म्हणायचात ना, आधी वाक्यातला कर्ता शोधा. इथे सापडतो." ही ओळ त्याने सहज लिहिली की मुद्दाम, हे आम्ही त्याला आजवर विचारलेले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल. कारण ज्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात काविळीची साथ आली, त्या वर्षी हा मुलगा त्याच वसतिगृहात राहत होता, दीड महिना अंथरुणाला खिळला होता, आणि त्या साथीचा चौकशी अहवाल आम्ही लिहिला होता.

या गोष्टीला तीसेक वर्षे झाली. पावसाळा संपत आला होता. आधी दोन मुले घरी गेली, मग पाच, मग खानावळीतल्या पंगती विरळ होऊ लागल्या. वसतिगृहाची जमिनीखालची टाकी जुनी होती आणि तिच्यापासून चार पावलांवर संडासांचे चेंबर होते. यापलीकडे सांगण्यासारखे फारसे गूढ त्यात नाही. वरून पत्र आले, चार जणांची समिती झाली, आणि "तुमची भाषा चांगली आहे" या कारणास्तव लेखनाचे काम आमच्याकडे आले. आम्हाला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच पानांचा अहवाल आम्ही दोन रात्रींत लिहिला. त्याची कार्बन प्रत अजून आमच्याकडे आहे.

त्या प्रतीतली काही वाक्ये अशी : 'टाकीची स्वच्छता करण्यात आली.' 'विद्यार्थ्यांना पाणी उकळून पिण्याच्या सूचना देण्यात आल्या.' 'पाण्याचे नमुने घेण्यात येऊन ते तपासणीसाठी पाठविण्यात आले असता पाणी पिण्यास योग्य असल्याचे आढळून आले.' 'टाकीसंबंधी कोणतीही लेखी तक्रार प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही.' आणि शेवटी, 'सदर प्रकरणी कोणा एका व्यक्तीवर दोष निश्चित करता येत नाही.'

यातले एकही वाक्य खोटे नाही. टाकी खरेच धुतली गेली होती. फक्त नमुने ती धुतल्यानंतर आणि तिच्यात टीसीएल पावडर टाकल्यानंतर घेतले होते. समितीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बैठकीत म्हणालेही होते, "अहो, धुतलेल्या टाकीत काय सापडणार?" सगळे हसले, चहा आला, आणि ते वाक्य इतिवृत्तात गेले नाही. इतिवृत्त आम्हीच लिहीत होतो. लेखी तक्रारही खरोखरच नव्हती. टाकी भरणारा, व्हॉल्व्ह सोडणारा जो माणूस होता, त्याने कार्यालयात दोनदा सांगितले होते की टाकीच्या भिंतीला चीर आहे आणि पावसात आतल्या बाजूने ओल धरते. हे त्याने आम्हाला फाटकाबाहेरच्या टपरीवर सांगितले. आम्ही विचारले, "लेखी दिलं होतंस का?" तो आमच्याकडे नुसता पाहत राहिला. त्याला सही करता येत होती, अर्ज लिहिता येत नव्हता, आणि हे आम्हाला ठाऊक होते.

आमच्या शासकीय मराठीवर विनोद करणे सोपे आहे आणि ते पुष्कळांनी केलेले आहेत. तो या लेखाचा हेतू नाही. पण व्याकरण शिकवणाऱ्याला एक गोष्ट दिसते ती सांगितली पाहिजे. 'त्याने खोटी नोंद केली' या वाक्यात कर्ता 'ने' प्रत्यय लावून समोर उभा असतो. क्रियापद त्याचे ऐकत नाही, ते 'नोंद' या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मराठीचा हा मोठा न्यायी स्वभाव आहे असे आम्ही वर्गात गमतीने म्हणत असू : माणूस कोणीही असो, क्रियापद कृत्याकडे पाहून बदलणार. म्हणजे कर्मणी प्रयोगातही कर्ता असतो, केवळ वाक्यावरची त्याची सत्ता जाते. 'नोंद करण्यात आली' म्हटले की मात्र त्याची आवश्यकताच संपते. वाक्य पूर्ण आहे, शुद्ध आहे, आणि आत माणूस नाही. आमच्या पाच पानांत अशी वाक्ये किती, हे ओ'कॉनर वाचल्यानंतर एकदा पेन्सिल घेऊन मोजायला बसलो होतो. तिसऱ्या पानावर पेन्सिल ठेवून दिली.

आता वॉकरटनकडे येतो. गावाला तीन विहिरी पाणी पुरवीत असत. त्यांतली पाच क्रमांकाची विहीर १९७८ साली बांधलेली, उथळ, आणि भेगाळलेल्या खडकातून पाणी घेणारी होती. वरचे पाणी तिच्यात उतरू शकते, ही शंका पहिल्यापासून कागदोपत्री होती. २००० सालच्या एप्रिलच्या अखेरीस जवळच्या शेतात शेणखत टाकले गेले. ८ ते १२ मे या पाच दिवसांत तिथे सुमारे १३४ मिलिमीटर पाऊस पडला. खतातले जिवाणू पावसाबरोबर विहिरीत उतरले. (त्या शेतकऱ्याने सगळे रीतसर केले होते आणि त्याला दोष देता येणार नाही, हे अहवाल स्पष्ट शब्दांत सांगतो. चौकशीचे काम दोष लावण्याइतकेच दोष काढून घेण्याचेही असते, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळले.) पाण्यात पुरेसे क्लोरीन असते तर ते जिवाणू मेले असते. दूषण येते तेव्हा क्लोरीन खर्ची पडते, म्हणून उरलेले क्लोरीन रोज मोजायचे असते. ते घटले की समजायचे, काहीतरी आत आले आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा नळाखाली छोटी नळी धरून ओ.टी. टेस्ट करतो आणि पिवळा रंग पाहून वहीत आकडा लिहितो, तेच हे.

वॉकरटनच्या वहीतही आकडे होते. गावच्या पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि त्यांच्या हाताखालचे फोरमन, त्यांचेच बंधू फ्रँक कोबेल. या वहीत वर्षानुवर्षे, दिवसामागून दिवस, क्लोरीनचे दोनच आकडे आलटून पालटून येतात : ०.५ आणि ०.७५. बहुतेक दिवशी कोणी मोजतच नसे. आकडा लिहिला जाई. त्या पावसानंतरच्या दिवसांतही फ्रँक विहिरीवर गेले, मोजले नाही, आणि आकडा लिहून परतले.

साहित्याच्या माणसाने या वहीकडे जरा थांबून पाहावे. ही काल्पनिका आहे, आणि वाईट लिहिलेली आहे. खऱ्या मोजमापाला चढउतार असतो. ऋतू बदलतो, पाऊस येतो, पंप बिघडतो, एखाद्या दिवशी ०.३ यायलाच हवे. वास्तवाचा आभास निर्माण करण्याइतकेही कष्ट लेखकाने घेतलेले नाहीत, कारण वाचणारा कोणी नाही याची त्याला खात्री आहे. आणि ती खात्री बरोबर निघाली. पर्यावरण खात्याचे तपासनीस १९९० च्या दशकात तीनदा येऊन गेले. आकड्यांच्या त्या संशयास्पद सारखेपणापाशी कोणीही अडले नाही. पाच नंबरच्या विहिरीबद्दलची जुनी शंका खात्याच्याच दप्तरात होती, पण दप्तर उघडून पाहणे हा त्यांच्या कामाचा भाग धरलेला नव्हता. वाईट लेखक आणि वाईट वाचक यांच्या संगनमतावर किती काळ एखादी संस्था सुखाने चालू शकते, याचे उत्तर मराठी विभागातल्या आम्हा मंडळींना ठाऊक आहे. फक्त आमच्याकडे त्याने कोणी मरत नाही, असे आम्ही धरून चालतो.

कोबेल बंधू खलपुरुष असते तर वाचताना सोपे गेले असते. तसे ते नाहीत. त्यांच्याजवळ परवाने होते, पण ते अनुभवाच्या आधारे, परीक्षेविना मिळालेले. आपल्या गावचे पाणी मुळातच उत्तम आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. पाणीपुरवठ्याची माणसे विहिरीवर क्लोरीन न घातलेले पाणी आवडीने पीत असत. क्लोरीनच्या वासाची तक्रार गावकरीही करीत. म्हणजे ही लबाडी माणसांचा जीव धोक्यात घालण्याच्या हेतूने केलेली नव्हती, आणि ओ'कॉनर तसे नोंदवतात. पण त्या नोंदीने ते त्यांना सोडून देत नाहीत. १७ मे रोजी प्रयोगशाळेकडून कळले की नमुन्यांत ई. कोलाय आहे. १९ मे रोजी आरोग्य खात्याने फोन करून पाण्याबद्दल विचारले तेव्हा स्टॅन कोबेल यांनी पाणी ठीक असल्याचे सांगितले, दुसऱ्या दिवशीही तेच सांगितले. आणि त्याच वेळी ते नळवाहिन्या धुऊन काढत होते, भरमसाट क्लोरीन सोडत होते. एक विहीर काही दिवस क्लोरीनच्या यंत्राविनाच चालली होती, तिचे कागदही नंतर बदलले गेले. २१ मे रोजी आरोग्य खात्याने आपल्या अखत्यारीत पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला, तो रेडिओवरून. तो सगळ्यांनी ऐकला नाही.

'धुऊन काढत होते, क्लोरीन सोडत होते' या मजकुरापाशी आमचा श्वास अडकला हे सांगायला नको. धुतलेल्या टाकीचा नमुना आम्हीही पाहिला होता.

चार वर्षांनी, २००४ मध्ये, दोघा भावांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. स्टॅन यांना एक वर्षाचा तुरुंगवास झाला, फ्रँक यांना नऊ महिने घरातच स्थानबद्धता. गोष्ट इथे संपवण्याचा मोह कोणालाही होईल. दोन माणसे खोटे बोलली, सात माणसे मेली, शिक्षा झाली. ओ'कॉनर यांचा अहवाल आम्हाला मोठा वाटतो तो त्याने हा मोह टाळला म्हणून. दोन भावांची नावे घेऊन झाल्यावर ते थांबत नाहीत. ते विचारतात, ही माणसे खोटे बोलत असतानाही पाणी सुरक्षित राहायला काय हवे होते? उत्तर फार साधे आहे : पाच नंबरच्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारे आणि बिघाड होताच पुरवठा तोडणारे यंत्र. ते असते तर साथ आलीच नसती. ते का नव्हते? कारण खात्याने ते बसवायला लावले नाही. प्रयोगशाळेने तो निकाल फक्त पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला का कळवला, आरोग्य खात्याला का नाही? कारण १९९६ मध्ये सरकारी प्रयोगशाळांनी गावांच्या पाण्याची तपासणी बंद केली, काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेले, आणि वाईट निकाल सरकारला कळवलाच पाहिजे असा बंधनकारक नियम त्याबरोबर कोणी केला नाही. हा इशारा १९ मे रोजी मिळाला असता तर ३०० ते ४०० माणसांचे आजारपण टळले असते, असा त्यांचा अंदाज आहे. मृत्यू मात्र बहुधा टळले नसते, हेही ते लगेच सांगतात. खर्चकपातीत पर्यावरण खात्याचा निधी आणि माणसे कापली जात असताना त्यातल्या धोक्याचा पुरेसा विचार झाला नाही, असे ते त्या सरकारबद्दल लिहितात. २००१ साली प्रांताचे त्या वेळचे प्रीमिअर माइक हॅरिस यांनाही साक्षीसाठी त्याच गावात यावे लागले होते. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यापासून प्रीमिअरपर्यंत ११४ साक्षीदार, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे त्याचे क्रियापद.

इथे एक जरा आडवळणाचा विचार मनात आला. इब्सेनचे 'एनिमी ऑफ द पीपल' हे नाटक (१८८२) आपण अभ्यासक्रमात शिकवतो. गावचे औषधी स्नानगृहांचे पाणी दूषित आहे हे डॉक्टर स्टॉकमन शोधून काढतो, गावचा प्रमुख असलेला त्याचा सख्खा भाऊ ते दडपतो, आणि नाटक दोघांच्या संघर्षावर उभे राहते. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये 'गणशत्रु'त ते पाणी देवळातल्या चरणामृतात आणले. वॉकरटनमध्येही दोन भाऊच आहेत, पण ते एकाच बाजूला, आणि दोघेही गप्प. नाटक होणार कसे? सत्य ओरडून सांगणारा एक माणूस साहित्याला हवा असतो. ओ'कॉनर यांना तसा कोणी मिळाला नाही. त्यांना मिळाली एक वही, काही फॅक्स, काही फोनच्या नोंदी, आणि आपापल्या कामात थोडे थोडे कमी पडलेली पुष्कळ माणसे. आम्ही इतकी वर्षे वर्गात स्टॉकमनच्या बाजूने बोललो. समितीत बसलो तेव्हा मात्र आमच्यात तो कुठेच नव्हता, आणि दुसरा भाऊही नव्हता. आम्ही होतो तो त्या नाटकातला छापखानेवाला. मजकूर छापायचा की नाही हे वारा पाहून ठरवणारा.

आमच्या अहवालाचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. 'कोणा एका व्यक्तीवर दोष निश्चित करता येत नाही' या वाक्यावर वरून शेरा आला : 'योग्य ती कार्यवाही करावी.' त्याप्रमाणे कार्यवाही करण्यात आली. व्हॉल्व्ह सोडणारा तो माणूस रोजंदारीवर होता. पुढच्या महिन्यापासून त्याला बोलावले गेले नाही. कर्ता नसलेल्या वाक्याला कर्म मात्र बिनचूक सापडले. आम्हाला हे कळायला वर्ष लागले, आणि कळल्यावरही आम्ही काही केले नाही. वहीत ०.७५ लिहिणाऱ्या फ्रँक कोबेल यांच्याबद्दल वाचताना आम्हाला जो राग येतो, त्यात किती भाग उसना आहे हे आम्ही जाणतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि खरे तर तीमुळेच हा लेख लिहायला घेतला.

आयोगाच्या रीतसर साक्षी सुरू होण्याआधी, जुलै २००० मध्ये, ओ'कॉनर वॉकरटनला गेले आणि चार दिवस नुसते ऐकत बसले. उलटतपासणी नाही, वकिली नाही. ज्यांना बोलायचे होते ते बोलले : कोणाचे मूल रुग्णालयात होते, कोणाची आई गेली होती, कोणाला पाण्याचा पेला उचलताना अजून हात थरथरतो असे वाटत होते. कायद्याच्या दृष्टीने यातल्या पुष्कळशा गोष्टींचा 'का झाले' याच्याशी संबंध नव्हता. तरी चौकशीची सुरुवात तिथून झाली. हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या अहवालाचे परिशिष्ट आठवले. परिशिष्टात आजारी पडलेल्यांची यादी होती : अनुक्रमांक, नाव, वर्ग, खोली क्रमांक, किती दिवस गैरहजर. आम्ही ती दोनदा तपासली होती. शुद्धलेखन निर्दोष होते.

खानावळीत पोळ्या लाटायला एक बाई येत. जेवायच्या वेळी त्याच टाकीचे पाणी त्याही पीत. त्यांना सातवा महिना होता. साथीच्या तिसऱ्या आठवड्यात त्या यायच्या बंद झाल्या, आणि नंतर कळले की काविळीने सरकारी दवाखान्यात गेल्या. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार, आज ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतात तो, एरवी तरण्या माणसांना सहसा मारत नाही, पण गरोदर बायकांना, त्यातही शेवटच्या महिन्यांत, फार वाईट ठरतो. हे आम्हाला नंतर वाचनातून कळले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत २९ हजारांहून अधिक माणसांना कावीळ झाली होती. नजफगड नाल्याचे घाण पाणी यमुनेतून वजिराबादच्या उपशापर्यंत उलटले होते. पाण्यात क्लोरीन वाढवले होते, त्याने जिवाणू मेले, विषाणू तगला. त्या साथीची बारकाईने तपासणी झाली, आणि गरोदर स्त्रियांमधले मृत्यू तेव्हाच नोंदले गेले. म्हणजे आमच्या समितीच्या कितीतरी आधी हे ज्ञान देशात होते. 'जिवाणू आढळले नाहीत' या निकालाचा अर्थ 'पाणी निर्दोष होते' असा होत नाही, हेही होते.

त्या बाईंचा विषय बैठकीत एकदा निघाला. कोणीतरी म्हणाले, त्या वसतिगृहाच्या नव्हेत, कंत्राटदाराच्या. दुसरे म्हणाले, घरी कुठले पाणी पीत असतील कोण जाणे. समितीचे काम विद्यार्थ्यांपुरते आहे असे ठरले. आम्ही लिहिले : 'सुदैवाने या साथीत जीवितहानी झाली नाही.' पाच पानांत हे एकच वाक्य आम्ही वर सत्य म्हणून मोजले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. आणि या वाक्यातही कर्ता नाही, पण त्याला व्याकरण जबाबदार नाही.

या लेखात आरंभापासून आम्ही 'आम्ही' असे लिहीत आलो आहोत. निबंधाची ती जुनी रीत आहे, आणि आम्हाला ती सवयीची आहे. पण परवा कार्बन प्रत पुन्हा वाचताना लक्षात आले की समितीचा अहवालही 'आम्ही खाली सही करणारे' असाच सुरू होतो. चारांच्या 'आम्ही'त एकाला आरामात बसता येते. हा लेख एकवचनात पुन्हा लिहून पाहिला. दोन पाने झाली. मग ती वाक्ये इतकी परकी वाटू लागली की थांबलो. ही सबब नाही, घडले ते सांगतो आहोत.

जीबीएसच्या बातम्या मागे पडल्यावर, त्या उन्हाळ्यात, आम्ही परिशिष्टात एक ओळ हाताने वाढवायचे ठरवले. अनुक्रमांक लिहिला. वर्ग, खोली क्रमांक हे रकाने रिकामे राहणार होतेच. नावाचा रकाना भरायचा होता. त्या बाईंना आम्ही सगळे 'मावशी' म्हणत असू. वास्तविक त्या आमच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. समितीतले एक सहकारी आता नाहीत. तेव्हाचे रेक्टर मुलाकडे परगावी असतात. त्यांना फोन केला, तर बराच वेळ प्रकृतीबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी एक नाव सांगितले. खात्री करावी म्हणून रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी दुसरेच सांगितले.